बहर येतो की धरला जातो?

मराठी समीक्षेत जे शब्द फारसा विचार न करता वापरले जातात, त्यांत 'बहर' हा शब्द अगदी वरच्या क्रमांकावर आहे. कवीची प्रतिभा 'बहरते', कथा एखाद्या दशकात 'बहराला येते', संगीत नाटकाचा 'बहराचा काळ' संपतो, एखाद्या लेखकाचा बहर 'ओसरतो'. गेली वीसेक वर्षे मी जुनी नियतकालिके, परीक्षणे आणि वाङ्मयेतिहास वाचताना असे शब्द वहीत उतरवून ठेवत आलो आहे. या शब्दाची पाने भरत गेली तशी एक गोष्ट लक्षात आली. समीक्षेतला बहर नेहमी आपोआप येतो. त्याच्या मागे कोणी माणूस नसतो आणि त्याला कारणही नसते. वसंत आला, झाड फुलले, एवढेच.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. पोटापाण्याचे काम हिशेबाचे होते, आणि हिशेबाच्या माणसाला 'हे कोणाच्या खात्यावर?' असे विचारायची सवय असते. तोच प्रश्न मी बहराला विचारला. त्याचे उत्तर वाङ्मयाच्या कपाटात मिळाले नाही. ते संत्र्या-डाळिंबांच्या बागेत मिळाले. ज्या माणसांकडून आपण हा शब्द रोज ऐकतो, त्या फळबागाईतदारांच्या बोलण्यात बहर येत नाही, तो 'धरला' जातो. या एका क्रियापदाचा विचार केला, तर आपल्या वाङ्मयीन मूल्यमापनात काही गोष्टी बदलाव्या लागतील, असे माझे म्हणणे आहे. ते या लेखात मांडतो.

१. क्रियापदांची साक्ष

फुलण्यासाठी मराठीत पुष्कळ शब्द आहेत, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फूल 'उमलते', ते एका फुलाचे, एका पहाटेचे काम. झाड 'फुलते', त्यात सारी फुले आली. आंब्याला 'मोहर येतो', कोकणात म्हणतात तसा 'मोहोर'. त्याची वाट पाहायची असते. या शब्दाचे नाते संस्कृत 'मुकुल'शी सांगितले जाते, आणि हिंदीतला 'मौर' त्याचाच भाऊबंद. सोन्याची मोहर किंवा शिक्क्याची मोहर हा वेगळा, फारसी शब्द. दोन्ही मोहरा मराठीत शेजारी नांदतात, कारण एक झाडावर लागते आणि दुसरी कागदावर उमटते. 'अंग मोहरले' असे आपण म्हणतो तेव्हा आंब्याच्या मोहराचाच आधार घेतलेला असतो. तिथेही क्रिया अंगाला होते, अंग ती करत नाही.

बहराचे व्याकरण याहून वेगळे आहे. बहर 'येतो' हे खरे, पण तो 'धरतात', 'घेतात', 'सोडतात'. म्हणजे हे सकर्मक क्रियापद आहे आणि त्याला कर्ता लागतो. 'यंदा कोणता धरला?' हा बागाईतदारांच्या बोलण्यातला नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर तीन शब्दांपैकी एक असते: आंबिया, मृग किंवा हस्त. संत्रा, मोसंबी, लिंबू, डाळिंब, पेरू ही झाडे आपल्या हवामानात वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फुलू शकतात. आंब्याला मोहर येतो त्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, फुलणारा तो आंबिया बहर. मृग नक्षत्राच्या पावसावर, जून-जुलैत फुलणारा मृग बहर. हस्त नक्षत्राच्या आसपास, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा हस्त बहर. झाडाला मोकळे सोडले तर ते तिन्ही वेळा थोडे थोडे फुलते. मग एकाही वेळचे फळ धड हाती लागत नाही आणि झाडही खंगते. म्हणून तीनातला एक निवडायचा आणि बाकीचे दोन नाकारायचे. बहर धरणे याचा पहिला अर्थ नकार हाच आहे.

दुसरा अर्थ 'ताण'. आंबिया धरायचा असेल तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत हा ताण कमी दिवस पुरतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतो. पाणी तुटले की नवी पालवी फुटायची थांबते. वाढीवर खर्च होणारे अन्न फांद्यांत साठू लागते. पाने मलूल होतात, पिवळी पडून गळतात. डाळिंबात तर पानगळ पुरती व्हावी म्हणून औषधही फवारतात. मग हलकी छाटणी, आळ्यांची चाळणी, खत, आणि शेवटी पाणी. तेही एकदम भरपूर देत नाहीत. पहिले पाणी हलके देतात, मग हळूहळू वाढवत नेतात. याला 'ताण तोडणे' म्हणतात. त्यानंतर काही दिवसांत उघड्या फांदीवर कळ्या दिसतात.

हे कितीही साधे वाटले तरी इथे दोन काटे आहेत. ताण कमी पडला, तर फुलांऐवजी पालवीच फुटते आणि झाड हिरवेगार दिसूनही वर्ष फुकट जाते. ताण जास्त झाला, तर फांद्या वाळतात. योग्य ताण किती, हे जमीन, झाडाचे वय आणि मागच्या वर्षीचे ओझे पाहून ठरवावे लागते. बहर या शब्दात हे सारे कसब आहे. समीक्षेने त्यातले शेवटचे दृश्य तेवढे उचलले.

२. ऋतूपासून ऋतूपर्यंत

'बहर' मूळचा फारसी. तिथे 'बहार' म्हणजे वसंत ऋतू. पण फारसीतही या शब्दाचा एक पाय बागेत आहेच. नारिंगाच्या जातीच्या झाडाच्या फुलाला तिथे 'बहार-ए-नारंज' म्हणतात. यातली गंमत अशी की 'नारंज' हा शब्द मुळात आपल्या 'नारंग'वरून तिकडे गेलेला. फळाचे नाव इथून गेले आणि फुलोऱ्याचे नाव तिथून आले. यावरून हा शब्द संत्र्याच्याच बागेतून मराठीत शिरला असे सिद्ध होत नाही. पण ऋतूचे नाव फुलोऱ्याला मिळण्याची वाट फारसीतच मोकळी होती, एवढे दिसते.

मराठीत आल्यावर त्या एका शब्दाचे दोन झाले. 'बहार' स्त्रीलिंगी राहिली आणि बैठकीत गेली. 'काय बहार आली', 'बहार उडवली', 'बहारदार लावणी'. काफी थाटातला बहार राग तिथलाच. 'बहर' पुल्लिंगी झाला आणि बागेत गेला. बहार अनुभवायची असते. बहर मोजायचा, विकायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा धरायचा असतो. एकाच शब्दाने रसिकाकडे एक रूप आणि शेतकऱ्याकडे दुसरे रूप धारण करावे, असे भाषेत सहसा घडत नाही. समीक्षेने शब्द घेतला बागेतला आणि वापरला बैठकीतल्या अर्थाने. माझी तक्रार आहे ती इतकीच.

पुढे शासनाच्या कागदांत या शब्दाचा आणखी एक प्रवास झाला. राज्यातली हवामानावर आधारित फळपीक विमा योजना 'मृग बहर' आणि 'आंबिया बहर' अशा दोन हंगामांसाठी जाहीर होते. आंबिया बहराच्या यादीत संत्र्या-मोसंबीबरोबर केळी, द्राक्षे, स्ट्रॉबेरी हीदेखील असतात. या पिकांना कोणी 'बहर धरला' असे म्हणत नाही. इथे बहर म्हणजे केवळ हंगाम. फारसीतला ऋतू मराठीत फुलोरा झाला, फुलोऱ्याचा पीक झाला, पिकाचा पुन्हा हंगाम झाला. फेरा पूर्ण झाला. कवींनी ज्याच्यावर एवढे लिहिले, त्या बहराचा विमा उतरवता येतो, ही गोष्ट मला मुळीच अरसिक वाटत नाही. ज्याचे नुकसान होऊ शकते त्याचाच विमा असतो.

हा शब्द मराठीत इतका मुरला की तो परका आहे हे भाषाशुद्धीच्या ऐन काळातही फारसे कोणाला जाणवले नाही. माधव जूलियन म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ साली पुण्यात निघाला. याच माणसाने पुढे भाषाशुद्धीची बाजू घेऊन 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. फारसीचे ऋण नेमके किती आहे हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक होते, तोच ते फेडायला निघाला. त्या चळवळीने मराठीला अनेक नवे शब्द दिले आणि ते टिकलेही. पण बागेतल्या बहराला पर्यायी शब्द रुळला नाही. कचेरीतले शब्द हुकुमाने बदलता येतात. आळ्यात उभा राहून वापरायचा शब्द तसा बदलत नाही.

३. मोगऱ्याच्या अभंगातला एक शब्द

इथे एका पाठभेदाची नोंद करणे आवश्यक आहे. ज्ञानदेवांच्या नावावर असलेला मोगऱ्याचा अभंग लता मंगेशकरांच्या आवाजात घराघरांत पोचला. फुले वेचावीत तसतशा कळ्या अधिकच येत जातात, अशी त्यातली कल्पना. ती सांगताना गाण्यात 'बहर' हा शब्द ऐकू येतो. छापील गाथ्यांत त्याच जागी 'अतिभार' असाही पाठ मिळतो.

दोन्ही शब्द चालीत बसतात आणि अर्थही जवळपास तोच राहतो. मग फरक कशाचा? काळाचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० ची, आणि ज्ञानदेवांची समाधी १२९६ ची. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारीही १२९६ चीच. दख्खनमध्ये फारसी राज्यव्यवहारात रुजली ती त्यानंतरच्या काळात. 'बहर' फारसी असेल, तर तो ज्ञानदेवांच्या तोंडी असणे अवघड ठरते. तसा एखादा शब्द व्यापाऱ्यांबरोबर आधीही येऊ शकतो, म्हणून 'अशक्य' हा शब्द मी वापरत नाही. पण 'अतिभार' हा जुना पाठ आणि 'बहर' हा गाणाऱ्यांच्या तोंडी नंतर बसलेला, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो. भार, भर, बहर हे ध्वनी एकमेकांच्या इतके जवळ आहेत की बदल झालेला कानाला कळतही नाही. 'भरात येणे' आणि 'बहरात येणे' हे आज जवळजवळ समानार्थी आहेतच.

या पाठभेदाने अभंगाचे मोल तसूभरही कमी होत नाही. उलट एक गोष्ट हाती लागते. 'अतिभार' म्हणजे फार मोठे ओझे. जुन्या पाठात कळ्यांचा डोलारा आहे आणि त्याचे वजनही आहे. 'बहर' आल्यावर वजन नाहीसे झाले आणि शोभा उरली. समीक्षेच्या भाषेत जे घडले ते या एका शब्दाच्या अदलाबदलीत आधीच घडून गेले आहे. आणि अभंगातली कल्पना तरी किती बागेची! मोगऱ्याची फुले वेळच्या वेळी खुडली की पुढच्या कळ्यांना जोर मिळतो. फुले वेचणारा हात त्या फुलण्याचा भागीदार आहे.

४. ज्याला फूल दिसत नाही त्याचा बहर

पुणेकराला हे सारे पाहायला लांब जावे लागत नाही. दिवे घाट चढून सासवडकडे गेले की पुरंदरच्या अंजिराच्या बागा लागतात. तिथे अंजिराचे दोन बहर मानतात, 'खट्टा' आणि 'मीठा'. खट्टा बहर पावसाळ्याच्या ओलीवर वाढतो आणि त्याच्या फळाला गोडी कमी. मीठा बहर उन्हाळ्याच्या उन्हात पिकतो आणि त्याची गोडी जास्त. शब्द हिंदुस्तानी, त्याला जोडलेला शब्द फारसी, आणि तो बोलणारा पुरंदरच्या पायथ्याचा मराठी शेतकरी.

पण खरा मुद्दा पुढे आहे. अंजीर हे वड-उंबराच्या कुळातले झाड. त्याचे फूल बाहेर दिसतच नाही. ते फळासारख्या दिसणाऱ्या बंद कोशाच्या आत असते. म्हणूनच तर फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण 'उंबराचे फूल झालास' म्हणतो. ज्या झाडाचे फूल कोणी पाहिलेले नाही, त्या झाडाचे दोन बहर आहेत आणि त्यांना चवीवरून नावे आहेत. तेव्हा बागाईतदाराच्या भाषेत बहर म्हणजे फुलांचा देखावा नव्हे, हे अंजिराने पुरते सिद्ध केले आहे. बहर म्हणजे झाडाची पाळी: ताणापासून तोडणीपर्यंतचा सगळा काळ, फुलासकट किंवा फुलाशिवायही.

पुण्याचे या विषयाशी आणखी एक नाते आहे. गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ च्या सुमारास 'आळंदी' या स्थानिक डाळिंबातून एक वाण निवडला, तोच पुढे 'गणेश' म्हणून महाराष्ट्रभर गेला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'भगवा' येईपर्यंत कित्येक वर्षे डाळिंब म्हटले की 'गणेश'च समोर येई. ज्या आळंदीला मोगऱ्याच्या अभंगाचा कर्ता समाधिस्थ झाला, तिचेच नाव या डाळिंबाच्या मूळ वाणाला आहे. योगायोगातून मी सिद्धान्त काढत नाही. पण 'निवडणे' हे क्रियापद इथेही आले, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

५. नको असलेले फुलणे

समीक्षेत फुलणे नेहमी चांगलेच असते. शेतात तसे नाही. उसाला 'तुरा' आला की शेतकरी हळहळतो. वाढ थांबते, तोडणी लांबली तर कांड्यांत दशी पडते, वजन आणि साखर दोन्ही उतरतात. कांद्याला 'डेंगळे' आले की तो कांदा बाजाराच्या दृष्टीने बाद झाला, कारण पोसायचे अन्न फुलाच्या दांड्याने खाल्ले. बांबूचा सगळा बनच्या बन फुलला की तो मरणाच्या वाटेवर आहे असे समजतात. आणि कोकणातल्या हापूसवाल्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती पुनर्मोहोराची. पहिल्या मोहोराला कैऱ्या धरलेल्या असतात, थंडी लांबते, त्याच फांदीला पुन्हा मोहोर फुटतो. झाड दिसायला सुंदर दिसते, पण अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या कैऱ्या गळून पडतात.

आता याच शब्दांची शहरातली रूपे पाहा. पुरस्कार मिळाला की लेखकाच्या 'शिरपेचात मानाचा तुरा' खोवला जातो. ऊस पिकवणाऱ्याच्या कानांनी हे वाक्य ऐकले, तर तो म्हणेल, म्हणजे आता साखर उतरणार! थट्टा सोडून देऊ. पण गौरवाचे तुरे खोवल्यानंतर लेखन पोकळ होत गेले, अशी उदाहरणे वाचकाला स्वतःच आठवतील. पुनर्मोहोर तर वाङ्मयात फारच ओळखीचा आहे. एका पुस्तकातली कल्पना अजून सुपारीएवढी आहे, तोच दुसऱ्याची घोषणा होते. समीक्षक लिहितो की लेखक बहरात आहे. झाडाखाली गळलेल्या कैऱ्यांचा खच कोणी मोजत नाही.

आंब्याच्या एका मोहोरात हजारो फुले असतात, त्यांपैकी फळापर्यंत हातावर मोजण्याइतकी पोचतात. झाडाच्या दृष्टीने हा नाश नाही, तो नेम आहे. पण मोहोर पाहून आंब्यांची संख्या सांगणारा व्यापारी बुडतो. एखाद्या दशकात किती कवितासंग्रह निघाले यावरून कवितेचा बहर ठरवणारा इतिहासकार त्याच वाटेने जातो.

६. दोन लेखक, दोन बहर

नुसत्या शब्दचर्चेवर थांबलो तर हा लेख कोशाची टीप होऊन राहील. म्हणून दोन उदाहरणे घेतो.

बा. सी. मर्ढेकरांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९ चा. त्यावर बालकवी आणि माधव जूलियन यांची छाया आहे, हे समीक्षेत मान्य झालेले मत. दुसरा संग्रह 'काही कविता' १९४७ चा, आणि त्याने मराठी कवितेची दिशा बदलली. या आठ वर्षांचे वर्णन सामान्यतः 'मग त्यांची प्रतिभा बहरली' असे होते. यात काहीच सांगितलेले नाही. बहर धरण्याच्या अंगाने पाहिले, तर आधी लक्ष जाते ते पहिल्या संग्रहाच्या नावाकडे. शिशिर म्हणजे पानगळ. जी पाने गळायला हवी होती ती उसनी होती: रविकिरणी गोडवा, बालकवींची निसर्गभाषा. मधल्या काळात कवितासंग्रह नाही, पण 'रात्रीचा दिवस' (१९४२) आणि 'तांबडी माती' (१९४३) या कादंबऱ्या आहेत. म्हणजे शाई वाळलेली नव्हती. कवितेला जे जुने पाणी मिळत होते ते तोडले गेले. शहर, यंत्र आणि महायुद्धाचा काळ यांनी ताण दिला हे खरे, पण उसनी पाने गळू देण्याचा निर्णय कवीचा होता. त्या काळातले किती तरी कवी त्याच शहरात, त्याच युद्धकाळात हिरवेच राहिले. ताण सगळ्यांना होता. बहर त्यांतल्या फार थोड्यांनी धरला.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. जन्म १८६८ चा, आणि 'स्मृतिचित्रे' ग्रंथरूपाने येऊ लागली १९३४ मध्ये. शाळेचे शिक्षण नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पती ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, मग परतल्या. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. 'उशिरा फुललेली प्रतिभा' असे त्यांच्याविषयी म्हणणे सोपे आहे. मला तो हस्त बहर वाटतो. बागाईतदाराच्या दृष्टीने हस्त सर्वांत बेभरवशाचा, कारण त्याचा ताण पावसाळ्यातच पडावा लागतो आणि पाऊस कोणाच्या हाती नसतो. पण साधला तर ते फळ बाजारात दुसरे फळ नसताना येते आणि त्याला मोल चढते. 'स्मृतिचित्रे'तला विनोद त्या जातीचा आहे. ज्या प्रसंगांत रडायचे, तिथे ही बाई हसते, आणि ते हसणे साठ वर्षे साठवलेल्या अन्नावर पोसलेले आहे. उशीर झाला म्हणून ते फुलले नाही. तेवढा साठा होईपर्यंत थांबावे लागले.

७. उपमेची हद्द

आता धोक्याची सूचना दिली पाहिजे. 'ताणाशिवाय बहर नाही' हे वाक्य बागेत खरे आहे. ते जसेच्या तसे माणसांना लावले, की दुःखाचा गौरव सुरू होतो. दलित साहित्याबाबत हे अनेकदा घडले आहे. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' १९६३ चा, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. यांच्याविषयी 'वेदनेतून फुललेले साहित्य' असे लिहिणारी परीक्षणे मी डझनांनी वाचली आहेत. लिहिणाऱ्यांची भावना चांगली असते. पण त्या वाक्यातून असे सुचते की वेदना होती म्हणून साहित्य आले, म्हणजे वेदनेचा काही उपयोग झाला.

बागेचा नियम असे म्हणत नाही. तिथे ताण आधी पोसलेल्या झाडालाच देतात. कुपोषित झाडाला, लहान रोपाला, रोगट झाडाला ताण देत नाहीत. दिलाच तर ते मरते. ताण मोजून देतात, वेळेवर तोडतात, आणि देणाऱ्याला त्या झाडाच्या जगण्यात रस असतो. अस्पृश्यतेत यातले काय होते? खत नव्हते, मोजमाप नव्हते, तोडण्याची तारीख नव्हती. तो ताण नव्हे, ते पाणी बंद करणे होते. पाणी बंद करणे हे शब्दशः खरे होते, हे महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याने सांगितलेच आहे. अशा ठिकाणी जे लिहिले गेले, ते दुःखामुळे आले असे म्हणणे म्हणजे लिहिणाऱ्यांचे कर्तेपण पुन्हा एकदा हिरावून घेणे. त्यांनी आपला बहर स्वतः धरला, तोही दुसऱ्याच्या विहिरीवर अवलंबून न राहता. उपमा इथे मोडते, आणि नेमकी कुठे मोडते हे सांगता आले तर मोडलेली उपमाही कामाची असते.

८. समीक्षेकडे मागणे

युरोपातल्या चरित्रकोशांत ज्याच्या जन्म-मृत्यूची साले सापडत नाहीत, त्याच्या नावापुढे 'तो अमुक काळी फुलला' अशा अर्थाचा लॅटिन शब्द घालतात. माहिती नसल्याची ती सभ्य कबुली आहे. आपल्याकडे मात्र साले माहीत असतात, परिस्थिती माहीत असते, लेखकाची पत्रेसुद्धा छापलेली असतात, आणि तरीही आपण 'बहरला' म्हणून मोकळे होतो. तिथे तो शब्द कबुली राहत नाही, आळस होतो. परशुरामपंत गोडबोल्यांनी १८५४ साली मराठी कवितांचे वेचे काढले, तेव्हा त्यांना 'नवनीत' हे नाव दिले. फुलांचा गुच्छ म्हणून नव्हे, लोणी म्हणून. लोणी घुसळल्याशिवाय निघत नाही, हे त्या नावात आहे.

'बहर' हा शब्द समीक्षेने टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. इतका कामाचा शब्द टाकायचा कशाला? पण तो वापरताना चार प्रश्न विचारावेत. बहर कोणी धरला? त्यासाठी कोणते दोन बहर सोडून दिले? ताण कसला होता, आणि तो कोणी दिला? आणि फुले किती हे सांगून झाल्यावर, फळे किती धरली? चारही प्रश्नांची उत्तरे दरवेळी मिळतील असे नाही. पण चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुस्तके पुन्हा वाचावी लागतात, एवढा तरी लाभ होईल.

हे दिवाळी अंकात लिहिताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखनाला एक ठरलेला हंगाम मिळाला. संपादकांची पत्रे मृगाच्या आगेमागे निघतात आणि तोडणी दिवाळीला होते. या हंगामाने मराठी कथेला आणि लेखाला शंभर वर्षांहून अधिक काळ पोसले आहे. पण एकाच लेखकाकडून एकाच दिवाळीत दहा अंकांसाठी दहा फांद्या फुलवून घेतल्या, तर ते झाड पुढच्या वर्षी नुसती पालवी काढते. संपादकांनी लेखकाला, आणि लेखकाने स्वतःला, एखाद्या वर्षी 'यंदा बहर सोडला' असे म्हणू द्यावे. बागाईतदार ते न लाजता म्हणतो. पुढच्या वर्षीच्या फळांचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो.